जीएसटी आदेशाची तारीख कोणती धरायची: पोर्टलची की पाकिटाची?

लेखापाल: माझं मत स्पष्ट आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 107 मध्ये अपिलाची तीन महिन्यांची मुदत आदेश ‘कळवल्या’ दिवसापासून सुरू होते, आदेशावर छापलेल्या तारखेपासून नाही. त्यामुळे आदेश पोस्टाने आला तर पाकीट हाच पुरावा. ते कडेने कापा, शिक्का आणि 13 अक्षर-अंकांचा स्पीड पोस्ट क्रमांक शाबूत ठेवा. ट्रॅकिंगचं पान त्याच दिवशी छापून घ्या, नंतर ते दिसेलच असं नाही. आवक नोंदवहीत तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. कलम 169(3) नुसार पोस्टाला एरवी लागतो तेवढ्या वेळात आदेश पोचला असं गृहीत धरतात. उशिरा पोचला हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

वकील: पाकीट जपा, पण मुदत त्यावरून मोजू नका! कलम 169(1) मधला बजावणीचा कोणताही एक मार्ग पुरतो. ईमेल आणि पोर्टलही त्यातच येतात. समजा आदेश 12 मार्चला पोर्टलवर चढला आणि पाकीट 2 एप्रिलला आलं. तुम्ही 2 जुलैपर्यंत निवांत, पण अधिकारी 12 जून धरणार. पुढे विलंब माफीचा एकच महिना, म्हणजे 12 जुलै.

लेखापाल: पण आदेश ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ या टॅबमध्ये पडून असेल आणि करदाता दुसऱ्याच टॅबमध्ये बघत असेल, तर ‘कळवलं’ कसं म्हणायचं? अशी प्रकरणं मद्रास उच्च न्यायालयाने फेरसुनावणीला पाठवली आहेत.

वकील: पाठवली, पण रिट याचिकेत (उच्च न्यायालयाच्या विशेष अधिकारातल्या अर्जात), आणि बऱ्याचदा पैसे भरण्याची अट घालून. तो दिलासा हक्काने मागता येत नाही. अपील अधिकाऱ्याचे हात तर बांधलेलेच: कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त उशीर त्याला माफ करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सिंग एंटरप्रायझेस प्रकरणात उत्पादन शुल्काच्या अपिलाबाबत सांगितलंय.

म्हणून सर्वांत आधीची तारीख धरा. तीन महिने म्हणजे 90 दिवस नव्हेत. 12 मार्चपासून 90 दिवस 10 जूनलाच संपतात. वादग्रस्त कराचे 10 टक्के आधी भरा, अपिलाचा नमुना एपीएल-01 दाखल करा. आधीची तारीख उलटून गेली असेल तर अपिलात दोन्ही तारखा लिहा, पाकिटाची प्रत लावा आणि विलंब माफीचा अर्ज त्यासोबतच जोडा. आदेश पोर्टलवर नसेल तर त्याची स्वसाक्षांकित प्रत अपील दाखल केल्यापासून सात दिवसांत द्या. चुकलात तर प्रत दिली तो दिवस अपील दाखल झाल्याची तारीख ठरतो.