राजकीय हेतूने केलेलं हॅकिंग: समर्थन करायचं तर कशाच्या आधारावर?

विवेचक

नमस्कार मंडळी. एका चर्चासत्रासाठी टिपण करतोय. राजकीय कारणासाठी दुसऱ्याच्या संगणकात शिरणं कधीतरी समर्थनीय असतं का, हा विषय. "हेतू शुद्ध असला की झालं" आणि "कायदा मोडला, विषय संपला" ही दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात.

समोर दोन घटना ठेवल्या आहेत. पहिली आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेची. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जूनच्या सुरुवातीला 'मिलवर्म' गटातली, वेगवेगळ्या देशांतली तरुण पोरं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरली. शास्त्रज्ञांचे ई-मेल उचलले, सर्व्हरवरची माहिती पुसली, संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. निषेध अण्वस्त्रांचा होता.

दुसरी जुलै २०१५ ची. मिलानमधली 'हॅकिंग टीम' ही कंपनी सरकारांना हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकायची. तिची सुमारे ४०० जीबी माहिती कोणीतरी जगासमोर ओतली. 'फिनिअस फिशर' या टोपणनावाने त्याची जबाबदारी घेतली गेली.

पहिली चूक, दुसरी बरोबर, असं मन म्हणतं. पण कारण विचारलं तर मला सांगता येत नाही. हेतू दोन्हीकडे राजकीय, घुसखोरीही दोन्हीकडे. मग फरक कुठे आहे?

लॉगतपासनीस

हेतूत शोधलात तर सापडणार नाही. नेमकं काय केलं आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला, ते बघा. 'हॅकिंग' या एका शब्दात निरनिराळी कामं कोंबली जातात आणि प्रत्येकाची खोड वेगळी असते.

सगळ्यात निरुपद्रवी समजलं जातं ते डीडॉस, म्हणजे सर्व्हरवर इतक्या मागण्या लोटायच्या की खऱ्या ग्राहकाला आत जायला जागा उरू नये. डिसेंबर २०१० मध्ये गुप्त कागद उघड करणाऱ्या विकीलीक्स या संकेतस्थळाच्या देणग्या अडवल्या म्हणून 'ॲनॉनिमस' या हॅकरांच्या सैल गटाने पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड यांच्यावर हेच केलं. समर्थक त्याला धरणं म्हणायचे. पण त्यातली बरीचशी ताकद थोड्या लोकांच्या हातातल्या बॉटनेटची होती, म्हणजे मालकाला पत्ता नसताना बाधित झालेल्या घरगुती संगणकांची. धरणं देणारा स्वतः रस्त्यात बसतो. इथे शेजाऱ्याला झोपेत उचलून रस्त्यात ठेवलं होतं. आणि सापडले कोण? 'लोइक' नावाचं साधन डाउनलोड करून घरून बटण दाबणारे. ते साधन आयपी पत्ता, म्हणजे संगणकाचा इंटरनेटवरचा पत्ता, लपवतच नव्हतं, त्यामुळे समोरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, प्रत्येकाचा पत्ता उघडा पडला. पेपालच्या प्रकरणात अमेरिकेत १४ जणांवर खटला झाला. इंग्लंडमध्ये मात्र आयोजनात हात असलेल्या एका तरुणाला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

संकेतस्थळाचं पान बदलणं लोकांना भिंतीवर घोषणा लिहिण्यासारखं वाटतं. पान पूर्ववत करायला दहा मिनिटं लागतात हे खरं, पण खर्च पानाचा नसतोच. एकदा कोणी आत येऊन गेलं की त्या यंत्राच्या कोणत्याच फाइलवर भरवसा ठेवता येत नाही. आधी डिस्कची बिट-बाय-बिट प्रत काढायची, मग कोऱ्या माध्यमावरून सगळी यंत्रणा नव्याने उभारायची, सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदलायच्या. त्यानंतर खरा घोळ सुरू होतो: कोणता बॅकअप शुद्ध आहे? ते ठरवायला पहिल्या शिरकावाची तारीख हवी. ती लॉगमध्ये असते, आणि आत आलेला माणूस निघताना लॉगच पुसून जातो. मग महिन्या-दोन महिन्यांचं काम संशयापोटी टाकून द्यावं लागतं. शिवाय शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळं नांदत असतात तिथे, एका दारातून आत गेलं की शेकडो बिऱ्हाडं हाती लागतात. याच मिलवर्मने जुलै १९९८ मध्ये एका होस्टिंग कंपनीतून ३०० हून अधिक संकेतस्थळांवर अण्वस्त्रविरोधी मजकूर चढवला. त्यातल्या बहुतेकांचा अणुबाँबशी काडीचा संबंध नव्हता.

आता माहिती फोडणं. तुमचा प्रश्न खरा इथे अडतो, आणि माझंही मत इथे दुभंगतं. हॅकिंग टीमच्या कागदांत सुदानच्या गुप्तचर यंत्रणेच्या नावाचं ४ लाख ८० हजार युरोचं बिल निघालं. सुदानवर निर्बंध असताना संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ कंपनीला त्याच व्यवहाराबद्दल विचारत होते आणि कंपनी हात झटकत होती. पुढे एप्रिल २०१६ मध्ये इटलीच्या सरकारने कंपनीचा सरसकट निर्यात परवाना काढून घेतला. हे फळ मोठं आहे, ते मी नाकारणार नाही.

पण त्याच ४०० जीबीत अडोबी फ्लॅशमधली तोवर कोणालाही माहीत नसलेली भेदता, म्हणजे आत शिरू देणारी त्रुटी, होती, वापरायच्या कोडसकट. अडोबीने ८ जुलैला दुरुस्ती दिली, तोवर गुन्हेगारांच्या तयार हल्ला-संचांमध्ये ते कोड शिरलंही होतं. दुरुस्ती न चढवलेला प्रत्येक संगणक उघडा पडला. पोतं न निवडता ओतलं की असं होतं.

आणखी एक गोष्ट टिपणात जरूर घ्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे फोडाफोडीच्या जवळपास दीड वर्ष आधी, टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने हॅकिंग टीमचं सॉफ्टवेअर वापरत असल्याचा संशय असलेल्या २१ सरकारांची यादी छापली होती. सुदान त्यात होतं. त्यासाठी कोणाच्याही यंत्रात शिरावं लागलं नाही. पीडितांकडे आलेले नमुने तपासले, सर्व्हर बाहेरून कसं उत्तर देतो त्याचा ठसा घेतला आणि तो ठसा इंटरनेटभर शोधला. सरकारांची नावं बाहेरून कळली. बिलं मात्र आत गेल्यावरच कळली. "दुसरा मार्ग होता का" याचं प्रामाणिक उत्तर त्यामुळे "अर्धा होता" असं येतं.

कलमवाचक

वरचं तांत्रिक विवेचन उत्तम. भारतातली कायद्याची बाजू जोडतो, कारण "हेतू राजकीय होता" हा बचाव आपल्याकडे कुठे बसतो हे फार कमी लोक बघतात.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ हेतू विचारतच नाही. मालकाच्या परवानगीशिवाय शिरलात, नक्कल काढलीत, व्हायरस सोडलात किंवा अधिकृत माणसाची वाट अडवलीत, की नुकसानभरपाईचं दायित्व आलं. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या आयटी सचिवांसमोर चालतात. तेच कृत्य 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' केलं तर कलम ६६ खाली गुन्हा होतो: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे हेतूला थोडी जागा आहे. पण कायद्यातल्या अप्रामाणिकपणाला स्वतःचा फायदाच लागतो असं नाही, दुसऱ्याचं गैरवाजवी नुकसान करण्याचा इरादाही पुरतो. त्यामुळे माहिती पुसणाऱ्याला तिथे आडोसा मिळणं अवघड. शासनाने 'संरक्षित' म्हणून अधिसूचित केलेल्या यंत्रणेत शिरण्याचा नुसता प्रयत्न केला तरी कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याचा हेतू व अत्यावश्यक सेवांना बाधा हे दोन्ही जुळलं तर ६६एफ, म्हणजे जन्मठेपेपर्यंत. राजकीय हेतू इथे बचाव ठरण्याऐवजी गुन्हा वाढवतो.

आपद्धर्माचा बचाव भारतीय न्याय संहितेत आहे: मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने लहान हानी केली, असा. तो घ्यायचा तर अमुक हानी टळणार होती आणि दुसरा उपाय नव्हता हे दाखवावं लागतं. निषेध नोंदवायचा होता, एवढ्याने तो उभा राहत नाही.

फोडलेल्या माहितीचं न्यायालयात काय होतं, हा भाग चर्चेत सहसा येतच नाही. बेकायदा मिळवलेला पुरावा तेवढ्याच कारणाने बाद होत नाही. 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९७३) आणि 'पूरनमल' (१९७४) या निकालांपासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे. राफेलच्या फेरविचार अर्जावेळी, एप्रिल २०१९ मध्ये, वृत्तपत्रात छापलेली गोपनीय कागदपत्रं याच तत्त्वावर विचारात घेतली गेली. अडचण पुढे येते. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायला प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या 'अर्जुन पंडितराव खोतकर' निकालाने (२०२०) ते बंधनकारकच ठरवलं. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचे दोन भाग आहेत. एक भाग नोंद हजर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा. यंत्र नेहमीच्या कामात कायदेशीर ताब्यातल्या माणसाकडून वापरलं जात होतं, हे त्यात सांगावं लागतं. चोरून नक्कल काढणारा अनामिक हे कुठून सांगणार? मूळ यंत्र जप्त झालं तर गोष्ट वेगळी. पण गाजावाजा झाल्यावर ते यंत्र जागेवर राहील याची खात्री काय?

शिवाय आत शिरता आलेल्या यंत्रात काही ठेवताही येतं. भीमा कोरेगाव खटल्यात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटलं की एका आरोपीच्या लॅपटॉपवर 'नेटवायर' मालवेअरद्वारे पत्रं पेरली गेली होती. तपासयंत्रणेला तो अहवाल मान्य नाही. पण चांगल्या हेतूने शिरणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू होतो: तू फक्त उचललंस, काही ठेवलं नाहीस, हे कोण तपासणार?

मीठ आणि कायदा

सविनय कायदेभंगाची तुलना यात येतेच, म्हणून तिच्या अटी नीट मांडतो. गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून आधी कळवलं, १२ तारखेला दांडीकडे निघाले. कृत्य उघड, माणूस नावानिशी हजर, शिक्षा पत्करलेली, आणि मोडला तो अन्यायाचाच कायदा. बहुतेक हॅकिंग या चारही अटींत नापास होतं.

पण सगळं नाही. २० जून २००१ ला जर्मनीत लुफ्तान्साच्या संकेतस्थळावर दोन तास 'ऑनलाइन निदर्शन' झालं. १९९९ मध्ये जबरदस्तीने मायदेशी पाठवल्या जाणाऱ्या एका सुदानी माणसाचा लुफ्तान्साच्या विमानात मृत्यू झाला होता. अशा हद्दपारीत कंपनीने भाग घेऊ नये, ही मागणी. तारीख आणि वेळ आधी जाहीर केली, भागधारकांच्या सभेचाच दिवस निवडला, वेळ संपताच थांबले. सुमारे १३ हजार ठिकाणांहून लोक सामील झाले. खालच्या न्यायालयाने एका आयोजकाला दंड केला. मात्र २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने तो रद्द केला: यात ना बळाचा वापर, ना जबरदस्ती. पुढच्याच वर्षी जर्मनीने संगणक-तोडफोडीचं कलम कडक केलं, ही गोष्ट वेगळी.

उघडपणे वागणं अशक्य असेल तेव्हाचं काय, असं विचाराल. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, लपून. पण प्रक्षेपक स्वतःचा उभारला, धोका स्वतःच्या मानेवर घेतला. अनामिकतेला माझा विरोध नाही. त्या अनामिकतेची किंमत तिसरा माणूस भरणार असेल, तर आहे.

विवेचक

फार उपयोगी पडलं. एक राहिलं: न्यायालय, माहिती अधिकार, निवडणूक सगळंच बंद असेल तर? बेलारूसमध्ये जानेवारी २०२२ ला 'सायबर पार्टिझन्स' या सरकारविरोधी हॅकर गटाने रेल्वेचे सर्व्हर कुलूपबंद केले. ५० राजकीय कैद्यांची सुटका करा आणि रशियन सैन्य बाहेर काढा, ही मागणी होती.

लॉगतपासनीस

तिथे माझं पारडं समर्थनाकडे झुकतं. गाड्यांचं नियंत्रण आणि सुरक्षा यंत्रणा मुद्दाम सोडल्याचं त्यांनी जाहीर केलं. मागणी ठरावीक होती, आणि कुलूपबंद केलेला डेटा किल्ली दिली की परत येतो. तो पुसला असता तर मी असं म्हटलं नसतं. तरी तिकीटविक्री कोलमडली आणि प्रवाशांचे हाल झालेच. असं जाळं आतून एकमेकांत गुंतलेलं असतं. आरक्षणाचा सर्व्हर आणि वाहतुकीचा सर्व्हर एकाच लॉगिन यंत्रणेवर असू शकतात, आणि बाहेरून आलेल्याला तो नकाशा अपुराच दिसतो. "सिग्नलला हात लावला नाही" हे वाक्य तुमच्या हेतूबद्दल खरं असतं, परिणामाबद्दल नेहमी नाही.

४ ऑक्टोबर २०२३ ला रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सल्लागारांनी युद्धकाळातल्या नागरी हॅकरांसाठी आठ नियम मांडले. नागरी लक्ष्यांवर हल्ला नको, आपोआप पसरून सरसकट नुकसान करणारं मालवेअर नको, रुग्णालयं आणि मदतकार्य वर्ज्य, शत्रूने नियम मोडले तरी तुम्ही पाळा. बेलारूस तेव्हा युद्धात नव्हतं, पण मोजपट्टी म्हणून लावून बघा. १९९८ चं मिलवर्म लगेच पडेल: जूनमध्ये पुसलेली माहिती, जुलैमध्ये असंबद्ध लक्ष्यं. फिनिअस फिशर घुसखोरीत टिकेल आणि सगळं सरसकट ओतण्यात पडेल.

कलमवाचक

एक व्यावहारिक जोड. ज्यांना शासकीय संकेतस्थळावर भोक सापडलंय आणि जे "जनहितासाठी" आत डोकावायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. भोक आहे हे दिसलं तिथेच थांबा. दुसऱ्या नागरिकाची एकही नोंद उघडू नका, नमुना म्हणूनही डाउनलोड करू नका. पत्ता, वेळ आणि पायऱ्या लिहून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवा, पोचपावती जपून ठेवा. परवानगीशिवाय पुढे तपासत गेलात तर कलम ४३ तुम्हालाही लागू होतं. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण वर्षानुवर्षं अंमलात आणलेला नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर एकही पाऊल टाकू नका.