ग्रुप लोन घेऊन शेळ्या आणाव्यात का? आई मागं लागलीय

गावाकडची_पोर:
आमच्या गावात दर मंगळवारी देवळात फायनान्सवाला येतो, बायका सतरंजीवर बसून हप्ते देतात. आईला पण 40 हजार घेऊन शेळ्या आणायच्यात. तारण काही नाही, बाकीच्या चौघी जामीन. पण मागच्या महिन्यात एकीचा हप्ता चुकला तर साहेब कुणाला उठूच देईना, शेवटी बाकीच्यांनी पदराच्या गाठी सोडून भरले. बांगलादेशात म्हणे ह्यानंच गरिबी हटली, मग आपल्याकडं असं का?

बेरीज_वजाबाकी:
हटली वगैरे जरा जास्तच होतंय. तिथं ग्रामीण बँक काढणाऱ्या युनूसनी 1976 ला जोब्रा गावात 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले, पण त्यातली बांबूची स्टुलं करणारी बाई आधीपासून तेच करत होती, फक्त बांबूला पैसे व्यापाऱ्याकडनं घ्यायची म्हणून तो म्हणेल त्या भावात स्टूल द्यावं लागायचं. धंदा होता, भांडवल नव्हतं. बॅनर्जी-डुफ्लो ह्या अर्थतज्ज्ञांनी हैदराबादच्या वस्त्यांत अशा कर्जांनी काय होतं ते तपासलं तर चालू धंदे थोडे वाढले, पण घरखर्च, पोरांचं शिक्षण, घरात बाईचा शब्द चालणं ह्यात काही खास फरक नाही.

बांधावरची:
ते अभ्यास राहू दे, शेळीचं बघ. गाभण गेल्यावर पाच महिन्यांनी विणार, करडं विकण्याजोगी व्हायला अजून पाच-सहा महिने, आणि हप्ता मात्र लगेच चालू!! माझ्या चुलतीनं हप्त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं उचललं मग त्याच्यासाठी तिसऱ्याचं, आता शेळ्या नाहीत आणि मंगळवार-गुरुवार दोन्ही दिवस मिटिंग.

कागद_वाचा:
आंध्रात असंच एकावर एक कर्ज झालं, आत्महत्या झाल्या, 2010 ला सरकारला वटहुकूम काढावा लागला. आरबीआयच्या 2022 च्या नियमात सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या 50 टक्क्यांवर जायला नको आणि वसुलीचा फोन सकाळी 9 च्या आधी, संध्याकाळी 6 नंतर चालत नाही. देवळात कोण पाळतंय म्हणा. त्यापेक्षा उमेदचा (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) बचत गट आहे का गावात ते बघा, तिथं आधी स्वतःची बचत जमते आणि कुणाला किती द्यायचे ते बायकाच ठरवतात, बँकेचं कर्ज नंतर.

गावाकडची_पोर:
गट आहे पण दोन वर्षं बंद पडलाय, अध्यक्षबाईंशी बोलते. आईला विचारलं शेळी विईपर्यंत हप्ता कशातनं भरणार, तर म्हणाली बाबांच्या मजुरीतनं. बाबांना अजून सांगितलेलंच नाही.