इंजी अफ्लातून : सुटकेनंतर चित्रांची धार गेली का?

रेखाटन : इजिप्तच्या चित्रकार इंजी अफ्लातून (१९२४–१९८९) यांची तुरुंगातली आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून बघा. १९५९ मध्ये नासर सरकारने कम्युनिस्टांची धरपकड केली, त्यात त्या आत गेल्या आणि १९६३ मध्ये सुटल्या. आतल्या चित्रांत गज आणि बंदिवान बायकांचे चेहरे आहेत. नंतर कापूस वेचणाऱ्या बायका, फळबागा आणि मध्ये मोकळा सोडलेला पांढरा कॅनव्हास. १९४८ मध्ये 'आठ कोटी स्त्रिया आमच्यासोबत' हे पुस्तक लिहिणाऱ्या कार्यकर्तीची ही चित्रं मला फार गोड वाटतात.

शाईपेन : अजिबात पटलं नाही. गज दिसले तरच राजकारण का? शेतात राबणारी बाई त्यांच्या विचाराच्या मुळाशीच होती. आणि हा बदल सुटल्यावर झालेला नाही. कनातिरच्या तुरुंगातच त्यांनी गजांपलीकडची झाडं आणि नाईलवरची शिडं रंगवायला घेतली होती.

कोरा_कॅनव्हास : 'मोकळा सोडलेला' म्हणजे सोपा, असं समजू नका. तिथे पांढरा रंग लावलेला नाही, कॅनव्हासचं अस्तर, म्हणजे रंगाआधी दिलेला लेप, उघडं आहे. अस्तर जास्त शोषणारं निघालं तर रंगातलं जवसाचं तेल पसरतं आणि फटकाऱ्याभोवती पिवळट कडा उमटते. चुकलेला फटकारा टर्पेंटाईनने पुसला तरी डाग राहतो, आणि वर पांढरा चढवला की तो उघड्या अस्तरापेक्षा वेगळा दिसतो. म्हणजे कुठे थांबायचं हे हात उचलण्याआधी ठरलेलं लागतं. राळेचं वार्निश पिवळं पडलं की पहिला बळी या पांढऱ्याचाच जातो. म्हणून मोबाईलवरच्या पिवळट फोटोवरून 'गोड' ठरवणं घाईचं आहे.

रेखाटन : कौशल्य मान्य, पण अवघड म्हणजे धारदार नव्हे. माझी अडचण चेहऱ्यांची आहे. तुरुंगातली प्रत्येक बाई वेगळी ओळखू येते. शेतातल्या बायका वाकलेल्या पाठींची नक्षी होऊन बसतात. 'आर्ट अँड लिबर्टी' या इजिप्तमधल्या कलावंतांच्या गटासोबतच्या सुरुवातीच्या अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारख्या, चित्रांतली भीतीसुद्धा एकेका बाईची होती.

शाईपेन : वेचणीत मान वर कोण करतं? बोंडं कमरेच्या उंचीला किंवा खालीच असतात, बाई दिवसभर ओणवी असते. तिचा चेहरा आपल्याकडे वळवला असता तर ते फोटोसाठी उभं केल्यासारखं झालं असतं. तुरुंगात बाया बसून असत, वेळ जाता जात नसे, म्हणून तिथे चेहरे आले. शेतात पाठी आल्या, आणि कामाचा भार पाठीवरच दिसतो.