Re: बीओडी १० की २०?
वरती कुणीतरी म्हणालंय की सांडपाण्याचे नियमच ढिले आहेत म्हणून पुण्याची मुळा-मुठा नासली. अर्धं पटतं. केंद्राच्या २०१५ च्या मसुद्यात एसटीपीतून (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, जितका कमी तितकं पाणी स्वच्छ) लिटरमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम होता, ऑक्टोबर २०१७ ला फायनल नोटिफिकेशन आलं त्यात मेट्रो शहरांना २० आणि बाकीच्यांना ३० करून टाकला, मग २०१९ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) परत १० कडे ढकललं. पण आकडा काहीही असो, प्लांट चालला तर ना!

आमच्या सोसायटीच्या एसटीपीचंच सांगतो. कमिटीत होतो तेव्हा कळलं की लाईटबिल वाचवायला रात्री एरेशन टँकमध्ये हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवतात. हवा नाही म्हटल्यावर घाण खाणारे जंतू मरणारच. एकदा ऑपरेटरला एरेशन टँकमधलं पाणी काचेच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवायला लावलं. चांगला प्लांट असेल तर तपकिरी गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी. आमचं काळंकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास. रिपोर्ट मात्र दर महिन्याला झकास, कारण सॅंपल कधी घेणार ते आधीच माहीत!

आणि हे सगळं जातं कुठे, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत, जिथलं पाणी सोलापूरकर पितात. आपण इथे पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो आणि जलपर्णीचे फोटो टाकतो, बास.

तुमच्याकडे एसटीपी असेल तर रात्री अकराला एकदा खाली जाऊन ब्लोअरचा आवाज येतोय का बघा आणि इथे लिहा.