गुण स्थिर आहेत, पण ते सांगतात काय?

'तोच उमेदवार काही महिन्यांनी पुन्हा बसवला तरी गुण जवळपास तेवढेच येतात, मग चाचणीवर शंका कशाला?' हा नोकरभरतीच्या चाचण्यांच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. गुण स्थिर येणं ही विश्वासार्हता, आणि ती हवीच. पण त्या गुणांवरून माणूस नेमून दिलेलं काम कसं करेल हे कळतं का, ही वैधता. ती वेगळी सिद्ध करावी लागते.

अमेरिकेतला 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर' खटला इथे यायलाच हवा. नॉर्थ कॅरोलिनातल्या या वीजकंपनीत कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. 1965 मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा लागू झाला, त्याच दिवशी कंपनीने बाकीच्या विभागांत नव्याने भरती होणाऱ्यांना दोन चाचण्या सक्तीच्या केल्या. त्यातली एक वंडरलिक, म्हणजे सर्वसाधारण बुद्धी मोजण्याची चाचणी: 12 मिनिटांत 50 प्रश्न. दोन्ही तयार चाचण्या, बाजारात नावाजलेल्या. पण त्या विभागांतल्या कामाशी त्यांचा संबंध कंपनीने कधी तपासलाच नव्हता. उलट चाचणी न दिलेले जुने कामगार तिथे व्यवस्थित काम करत होते, बढत्याही मिळवत होते! 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: हेतू चांगला असला तरी पुरेसं नाही, चाचणीचा कामाशी संबंध दाखवण्याची जबाबदारी मालकाची.

म्हणून चाचणी विकणाऱ्याने स्थिर गुणांचा तक्ता पुढे केला, तर आपल्याकडच्यासारख्याच कामावर घेतलेल्यांचे गुण आणि वर्षभरानंतरची त्यांची कामगिरी यांचा मेळ दाखवा, असं जरूर विचारा. नकार आला तर मी तरी ती चाचणी घेणार नाही.