'ब्लूज', 'सोल' आणि 'स्क्वॉल' : बॉबी ब्लँड यांच्या गायकीच्या निमित्ताने

प्रश्न : अमेरिकी गायक बॉबी 'ब्लू' ब्लँड (१९३०–२०१३) यांना कुठे 'ब्लूज गायक' म्हटलेले आढळते, तर कुठे 'सोल गायक'. या दोन शब्दांत नेमका फरक कोणता? मराठीत लिहिताना प्रतिशब्द योजावेत का? त्यांच्या गाण्यातल्या 'स्क्वॉल' या घोगऱ्या आर्त उद्गाराच्या लकबीला काय म्हणावे?

प्रतिसाद : 'ब्लूज' हा शब्द आधी मनःस्थितीचा आहे आणि नंतर संगीताचा. खिन्नतेला 'ब्लू डेव्हिल्स' म्हणण्याची इंग्रजीत जुनी रीत होती. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्याला तेच नाव मिळाले, तरी पहिला अर्थ पुसला गेला नाही. ब्लँड यांच्या १९६१ सालच्या 'टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज' या ध्वनिमुद्रिकेच्या नावात हा पहिलाच अर्थ जिवंत आहे, कारण तिथे ब्लूज म्हणजे दोन पावलांवर येऊन ठेपलेले दुःख. 'नीलगीत' हा प्रतिशब्द मला म्हणूनच अजिबात पटत नाही. मराठीत निळा रंग उदासीचा नाही, तो घननीळाचा आणि आंबेडकरी चळवळीच्या झेंड्याचा आहे.

'सोल' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्तता लौकिक प्रेमगीतांत उतरली, तेव्हा त्या गाण्याला हे नाव मिळाले. १९६० च्या दशकात हा शब्द कृष्णवर्णीय समाजाच्या आत्मभानाचाही झाला आणि त्यांच्या घरच्या स्वयंपाकालाही 'सोल फूड' म्हटले जाऊ लागले. 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाने कृष्णवर्णीय श्रोत्यांत खपणाऱ्या गाण्यांच्या यादीचे 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव १९४९ मध्ये टाकून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव स्वीकारले होते, आणि १९६९ मध्ये त्याच यादीला 'सोल' हे नाव दिले. श्रोते तेच, गायकही बरेचसे तेच, पाटी मात्र बदलत गेली. 'आत्मसंगीत' म्हटल्यास मराठी वाचक अध्यात्माकडे वळेल आणि नुसते 'सोल' म्हटल्यास बुटाच्या तळाकडे, म्हणून 'सोल संगीत' असा जोडशब्द सोयीचा वाटतो.

ब्लँड यांची कारकीर्द पाहिली, की या पाट्या किती अपुऱ्या आहेत ते कळते. टेनेसीतल्या एका खेड्यात जन्मलेला हा मुलगा आईबरोबर मेम्फिसला आला आणि बील स्ट्रीटवरच्या तरुण गायक-वादकांत मिसळला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. लष्करातून परतल्यावर ज्या करारावर त्यांनी सही केली, त्यात प्रचलित दोन सेंटांऐवजी प्रत्येक तबकडीमागे अर्धाच सेंट त्यांना मिळणार होता, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. गाणी ते ऐकून पाठ करत आणि स्वतः कोणतेही वाद्य वाजवत नसत. ह्यूस्टनच्या ड्यूक रेकॉर्ड्स या कंपनीत संयोजक जो स्कॉट यांनी त्यांच्यासाठी ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या भरदार संयोजना बांधल्या, वेन बेनेट यांची गिटार त्यांच्या ओळींमधल्या जागा भरत असे, आणि त्या वैभवात ब्लँड मात्र कानाशी बोलावे तितक्या मृदू आवाजात गात. १९५७ चे 'फर्दर अप द रोड' आणि १९६१ चे 'आय पिटी द फूल' ही त्यांची गाणी रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. यांतले पहिले सरळ ब्लूज आहे. दुसऱ्यात चर्चमधल्या उपदेशकाचा आवेश ऐकू येतो, आणि माझ्या मते पुढे सोल म्हणून ओळखले गेलेले पुष्कळ काही तिथे आधीच आहे. १९८५ पासून ते मिसिसिपीतल्या मॅलॅको कंपनीसाठी गाऊ लागले. तिथल्या गाण्याला 'सोल-ब्लूज' म्हणतात आणि ब्लँड यांच्यापुरते तरी तेच नाव मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

दुसरा प्रतिसाद : 'स्क्वॉल'साठी आपल्या संगीतातला 'पुकार' हा शब्द का घेऊ नये? तार सप्तकातली आर्त हाक असाच त्याचा अर्थ आहे.

उत्तर : भाव जुळतो, पण आवाज जुळत नाही. पुकारीत स्वर मोकळा आणि लखलखीत लागतो. ब्लँड यांचा स्क्वॉल घशात खोलवर घोगरा होतो, गुळणी केल्यासारखा खरखरतो आणि शब्दाच्या आधी किंवा मधेच उसळून येतो. सोल गायिका अरेथा फ्रँकलिन यांचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने ऐकून आपण तो उचलला, असे ब्लँड सांगत. घरट्यातली पिले उडावीत म्हणून घरटे ढवळणाऱ्या गरुडाविषयीचे प्रवचन त्यांना विशेष प्रिय होते. म्हणजे ही लकब मुळात बोलण्यातली आहे. बोलता बोलता उपदेशकाचा गळा भरून येतो आणि वाक्य सुरावर चढते, स्क्वॉल म्हणजे तोच क्षण होय. 'पुकार' म्हटल्यास हे मूळ झाकले जाईल, म्हणून पहिल्या उल्लेखात 'स्क्वॉल, म्हणजे घशातून उसळणारा घोगरा आर्त उद्गार' असे लिहावे आणि पुढे 'स्क्वॉल' हाच शब्द चालवावा.

लिंग-वचनाविषयीही एक सूचना आहे. 'ब्लूज'मधला शेवटचा 'ज' इंग्रजीत अनेकवचनी रूपाचा असला, तरी मराठीत संगीतप्रकार म्हणून तो शब्द पुल्लिंगी एकवचनीच वापरावा. 'त्यांनी ब्लूज गायला' हे वाक्य कानाला बरोबर लागते. 'ब्लूज गायले' मात्र खटकते.