सुपरहीटर एलिमेंट: तांबं की स्टेनलेस?

प्रश्न: ५ इंच गेजचं (रुळांतलं अंतर) छोटं वाफेचं रेल्वे इंजिन, कोळशावर. सुपरहीटरचं एलिमेंट (वाफ आणखी तापवणारी नळी) फायरबॉक्सपर्यंत, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीपर्यंत न्यायचंय. तांब्याची नळी, टोकाला चांदीचं ब्रेझिंग चालेल का?

उद्यमनगरकर: नको भावा. ५५ टक्के चांदीचा रॉड ६३०–६६० अंश सेल्सिअसला वितळतो. रेग्युलेटर (वाफ सोडायची झडप) बंद असला की आत वाफ वाहत नाही, नळी थंड ठेवणारं काहीच उरत नाही, आणि जोड सुटतो. ३१६ स्टेनलेसची सीमलेस (बिनजोड) नळी घे, ८ मिमी, जाडी १ मिमी. जाणाऱ्या आणि परतीच्या नळीची टोकं आतल्या बाजूनं तिरकी काप, भाल्याच्या पात्यासारखी जुळव, टिग वेल्डिंग मार. टिगवाले उद्यमनगरात (कारखान्यांची वसाहत) ढिगानं.

लेथवाला: वेल्डिंगवेळी नळीतून आर्गॉन सोडा, नाहीतर आत काळी खरबरीत खपली धरते आणि वाट अरुंद होते. मग पाण्याचा दाब, चालू दाबाच्या दुप्पट. हवेनं तपासू नका, फुटलं तर जीवावर बेतेल.

प्रश्नकर्ता: सिलिंडरला तेल कुठलं?

लेथवाला: जाड स्टीम सिलिंडर ऑइलच. साधं जळून पिस्टनवर काजळी बसते.